तीन नुक्ते

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दुपारचं ऊन चांगलं येतं. तिथे लोणच्याच्या बरणीशेजारी वर्षातले बरेच महिने कुठली ना कुठली बाहुली पाय पसरून पडलेली असते. गुडघ्यावर नाहीतर गालावर पांढरं मलम थापलेलं, वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळलेलं. घरी पहिल्यांदा आलेली बाई विचारतेच, "इसकू क्या हुआ गे?" मी सांगते, "पेन का दाग है, धूप में रक्खी." ती एकदा बाहुलीकडे बघते, एकदा माझ्याकडे बघते आणि चहात साखर कमी आहे म्हणते.

त्यांचंही खरं आहे. सदतीस वर्षांची बाई, बी.एड. झालेली, उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवणारी, आणि सुट्टीच्या दिवशी भंगारातल्या बाहुल्यांचे केस विंचरत बसते. त्यात मला मूलबाळ नाही, हेही त्यांना माहीत असतं. मग या दोन गोष्टींची बेरीज त्या माझ्यासमोरच मनातल्या मनात करतात. मी गणिताची शिक्षिका आहे. चुकलेली बेरीज मला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळते.

हा छंद मला लागला तो 'निस्बत' या शब्दामुळे. मराठीत ज्याला गुणोत्तर म्हणतात त्याला उर्दू गणितात निस्बत म्हणतात. पण आपल्या घरांत निस्बत म्हणजे सोयरीक. त्यामुळे दरवर्षी हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून हसू फुटतं, "टीचर, किस की निस्बत आई?" २०१८ साली मी ठरवलं, या वर्षी त्यांच्या हातात काहीतरी द्यायचं. बी.एड.च्या पाठांसाठी पुठ्ठ्याचे चौकोन कापून कापून माझी बोटं दुखली होती, त्यापेक्षा बाहुली बरी. म्हणून रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेले.

मिक्सरची झाकणं, बंद पडलेली घड्याळं, जोडीतला एकच उरलेला बूट, आणि एका गोणपाटावर बाहुल्यांचा ढीग. बहुतेक उघड्या, निम्म्यांचे केस कापलेले, एकीला हात नाही. ओढणीने झाकावं की काय त्यांना, असं क्षणभर वाटलं. विकणाऱ्याने एक उचलून तिची पाठ मला दाखवली. कमरेखाली कंपनीचं नाव आणि १९६६ हे साल कोरलेलं. "देखो मॅडम, सन छियासठ का माल. अँटिक है. दो सौ." मी ती वीस रुपयांत घेतली, तेही ती जवळजवळ टकली होती म्हणून. पुढे कळलं, की पाठीवरचं साल हे साच्याच्या हक्काचं असतं, बाहुलीच्या जन्माचं नव्हे. तो साचा इतकी वर्षं चालला, की नव्वदच्या दशकातल्या बाहुलीच्या पाठीवरही १९६६च सापडतं. जुन्या बाजारात हे मी कुणाला सांगत नाही. त्या माणसालाही पोट आहे.

वर्गात आम्ही तिला मोजलं. उंची साडेअकरा इंच. सहाने गुणलं की एकोणसत्तर, म्हणजे पाच फूट नऊ इंच. इथवर मुली खूश. कंबर साडेतीन इंच. गुणिले सहा, एकवीस. मुलींनी आपापल्या ओढण्या कमरेला गुंडाळून मोजल्या, एकवीसची एकही निघाली नाही. मग पाऊल मोजलं. जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर, म्हणजे खऱ्या बाईचं साडेतेरा. एवढं पाऊल दोन-अडीच वर्षांच्या पोराचं असतं. एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, ये तो खडीच नहीं रह सकती." बार्बी पहिल्यांदा ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात मांडली गेली. तेव्हापासून तिच्या मापांवर जगभर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. माझ्या आठवीतल्या मुलीने ते एका वाक्यात उरकलं. त्या वर्षी निस्बत कुणाला दुसऱ्यांदा समजावून सांगावी लागली नाही.

तास संपला आणि बाहुली माझ्याबरोबर घरी आली. टाकून द्यायला हात होईना. म्हटलं, निदान हिला केस तरी असावेत.

हे काम कसं चालतं ते थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं कपडे शिवले की झालं. बाहुलीचं डोकं गरम पाण्यात थोडा वेळ धरलं की मऊ होतं आणि मानेवरून निघतं. गार असताना ओढलं तर मानेतला खुंटा तुटतो. पहिल्या तीन बाहुल्यांचे मी तोडले. डोकं आतून पोकळ असतं आणि त्याला बारीक भोकांच्या रांगा असतात. प्रत्येक भोकातून केसांची एक बट. कापलेले खुंट चिमट्याने आतून ओढून काढायचे आणि सुईने एकेक बट पुन्हा ओवायची. परदेशात या केसांच्या लडी विकत मिळतात. मी बोहरी आळीतून गंगावन आणते. एका डोक्याला मला दहा-बारा रात्री लागतात, पेपर तपासून झाल्यावरचा एकेक तास. नवरा शेजारी बातम्या बघत असतो. पहिल्या वर्षी तो काही बोलला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने मला टेबलावर लावायचा दिवा आणून दिला.

केस शाबूत असून गुंता झालेला असेल तर काम निराळं. भांड्याच्या साबणाने धुवायचे, कपडे मऊ करायचं द्रव्य पाण्यात घालून भिजत ठेवायचे, मग टोकाकडून विंचरत विंचरत मुळाकडे जायचं. आपल्या आया आपल्याला विंचरायच्या तसं वरून ओढलं की संपलं. त्यानंतर गरम पाणी. बाहुल्यांचे केस पुष्कळदा 'सरान' नावाच्या धाग्याचे असतात. तो गरम पाण्याने सरळ होतो आणि गार पाण्याने तसाच बसतो. 'कानेकलॉन' नावाचा दुसरा धागा असतो, त्याला फार गरम पाणी लागलं की केसांचा झाडू होतो. दोन्हींतला फरक हाताला कळायला मला दोन वर्षं लागली. काही बाहुल्यांच्या डोक्यात कारखान्यातच गोंद भरलेला असतो. वर्षांनी तो भोकांतून झिरपतो आणि केस तेल चोपडल्यासारखे होतात. मुलगी धुते, पुन्हा चिकट. आई म्हणते, गलिच्छ झाली, फेक. अशा चार तरी माझ्याकडे आल्या आहेत, चूक ना मुलीची ना आईची.

चेहरा पुसायला नेलपॉलिश काढायचं द्रव्य लागतं. त्यातलं अ‍ॅसिटोन मऊ डोक्यावर चालतं, पण कडक प्लॅस्टिकच्या धडावर एक थेंब पडला तर प्लॅस्टिक विरघळतं. एका बाहुलीच्या छातीवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला आहे. मग अ‍ॅक्रिलिकचे रंग, सगळ्यांत बारीक ब्रश, गालांना खडूची भुकटी. दोन डोळे सारखे काढणं हे सगळ्यांत अवघड. मला ते अजून जमत नाही, म्हणून माझ्या सगळ्या बाहुल्या जरा बाजूला बघतात. लोकांना वाटतं, लाजतात.

चेहरे बदलायची कल्पना माझी नव्हे. ऑस्ट्रेलियात टास्मानियाला सोनिया सिंग नावाच्या बाई आहेत. नोकरी गेल्यावर त्यांनी जुन्या सामानाच्या दुकानातल्या भडक रंगवलेल्या बाहुल्या आणून त्यांचे चेहरे पुसले आणि तिथे अंगणात खेळणाऱ्या साध्या मुलींचे चेहरे काढले. कपडे त्यांच्या आईने विणले. २०१५ साली त्यांचं काम जगभर पोहोचलं. मी ते तीन वर्षं उशिरा पाहिलं.

आपल्या घरांत बाहुली हा साधा विषय नाही, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांनी मला अगदी आपुलकीने विचारलं होतं, "आप चेहरे बनाती हैं टीचर, कल को इनमें जान डालने को कहा गया तो क्या करोगे?" मी आलिमा नाही. हजरत आयेशांकडे बाहुल्या होत्या आणि त्यांच्या मैत्रिणी त्यांच्याशी खेळायला येत, हे हदीसमध्ये आहे. त्यांच्या खेळण्यांत चिंधीचे पंख लावलेला एक घोडा होता आणि घोड्याला कुठे पंख असतात का, या हुजूरांच्या प्रश्नावर आयेशांनी जे उत्तर दिलं त्यावर हुजूर हसले होते, हेही आहे. कुणी म्हणतात, लहान मुलांच्या खेळण्यांना सूट आहे. कुणी म्हणतात, त्या चिंध्यांच्या होत्या, आताच्या या हुबेहूब बाहुल्यांना तो न्याय लावू नका. मी दोन्ही ऐकून घेते. दुसरीकडे २००३ साली सौदी अरेबियात बार्बीवर बंदी आली आणि त्याच वर्षी सीरियाच्या एका कंपनीची 'फुल्ला' नावाची अबायातली बाहुली अरब देशांत दुकानोदुकानी गेली. नंतर २०१७ साली खुद्द बार्बीच्याच कंपनीने हिजाबवाली बाहुली जाहीर केली, अमेरिकेची तलवारबाज इब्तिहाज मुहम्मद हिच्यावर बेतलेली. म्हणजे वाद बाहुलीपेक्षा तिच्या कपड्यांचाच जास्त होता की काय, असं मला कधी कधी वाटतं.

एका घरातून निरोप आला, गुडिया दुरुस्त करा पण चेहरा नको. मी तिला केस दिले, शरारा शिवला, चेहरा पुसून गुळगुळीत ठेवला. महिन्याने त्या मुलीची आई भेटली. हसत सांगत होती, पोरगी रोज रात्री त्या बाहुलीला दटावते, "आंखें बंद कर, सो जा."

माझी स्वतःची पहिली बाहुली चिंधीची होती. सोलापूरला नानी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती करून द्यायची. जुन्या परकराचं धड, परांद्याचे केस, काजळाचे डोळे, आणि तोंडाच्या जागी लाल दोऱ्याचा एकच टाका. पावसाळा येईपर्यंत ती टिकायची. आम्ही मामेबहिणी मिळून गुड्डे-गुडियेचं लग्न लावायचो. मेहेर अकरा चिंचोके, वलीम्याला चुरमुरे आणि गूळ. एका वर्षी मेहेरवरून भांडण होऊन लग्न मोडलं, तेव्हा नानीने दोन्ही पक्षांना एकेक चापट देऊन तंटा मिटवला. मी शिकवते उर्दूतून, घरी बोलते दखनी आणि हे लिहिते आहे मराठीत. पण 'गुड्डी' म्हटल्यावर जी डोळ्यांसमोर येते ती नानीच्या हातची, काजळ पसरलेली.

नानी गेल्यावर मी तिची बाहुली करायला घेतली. आधी साडी. साडेपाच मीटरच्या साडीला सहाने भागलं तर सुमारे ब्याण्णव सेंटीमीटर, आणि पन्हा एकोणीस. हिशेब बरोबर होता. नवं सुती कापड आणून नेसवली तर नानीचा तंबू झाला. निऱ्या पडेनात, पदर खांद्यावर ताठ उभा. लांबीला सहाने भागता येतं, रुंदीलाही, पण कापडाची जाडी तेवढीच राहते. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं आणि मी पंधरा मिनिटं स्वतःच्या डोक्यावर हात मारत बसले. मग मामीकडून नानीची एक साडी मागवली. पंचवीसेक वर्षं धुतलेली, पदराकडे इतकी विरलेली की पलीकडचा हात दिसावा. तिचं कापड मात्र बसलं. निऱ्या खाली पडल्या, पदर डोक्यावरून घेतला तर राहिला.

बाकीची नानी जुळवताना बऱ्याच तडजोडी झाल्या. कातडीचा गुलाबी रंग झाकायला गव्हाळ रंग दिला, तर तो खांद्याच्या नि मांडीच्या सांध्यांत घासून निघे. म्हणून लांब बाह्यांचं झंपर. पाऊल टाचेवर उचललेलं, आणि नानी जन्मभर अनवाणी. शेवटी ती पावलं कापून एम-सीलची नवी, सपाट, जरा फताडी पावलं बसवली. उंचीचं काही करता आलं नाही. नानी चार फूट अकरा इंचांची होती, माझ्या निस्बतीत ती पाच फूट नऊ झाली. पण उभी राहते. पुढच्या वर्षी तिला वर्गात नेलं आणि टेबलावर आधाराशिवाय उभी केली.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या चुकीचं आहे.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खाला राहतात. त्यांची मुलगी २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. चौतीस वर्षांची होती. मागे एक चार वर्षांची पोर. जावई नोकरीसाठी बाहेरगावी, म्हणून पोर नानीकडे. पुढच्या वर्षी रमजान सुरू झाला त्या आठवड्यात खाला ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. बार्बी होती. खालांचे मालक दुबईला होते, त्यांनी १९९४ साली मुलीसाठी आणलेली. मुलगी लग्नानंतर सासरीही घेऊन गेली होती. केसांचा गोळा, एक डोळा निम्मा पुसलेला, डाव्या पायावर मांडीपासून घोट्यापर्यंत निळ्या बॉलपेनाच्या रेघोट्या. "टीचर," खाला म्हणाल्या, "ईद कू बच्ची कू देना है. नई जैसी कर दे."

मी रमजानभर त्या बाहुलीवर काम केलं. केस सरानचे होते, सुंदर सरळ झाले. पुसलेला डोळा शाबूत डोळ्याकडे बघत बघत पुन्हा काढला. आयुष्यात एकदाच माझ्या हातून दोन डोळे सारखे आले. पायावरच्या शाईने मात्र दम काढला. बॉलपेनची शाई या मऊ प्लॅस्टिकमध्ये आत उतरते आणि वर्षानुवर्षं पसरत जाते. साबण, स्पिरिट, कशाने ती जात नाही. त्यावर एकच उपाय मला ठाऊक आहे. मुरमांवर लावायचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम मेडिकलच्या दुकानात मिळतं. ते डागावर थापायचं, वाळू नये म्हणून प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. ते शाईचा रंग उडवतं. जास्त झालं तर बाहुलीचाही रंग उडवतं, म्हणून रोज उघडून बघावं लागतं. एप्रिलचं ऊन होतं. रोज दुपारी शाळेतून येऊन मी पाय बघायची. निळं, मग फिकं निळं, मग जांभळट, मग पुसट. सत्ताविसाव्या रोज्याला पाय कोरा झाला. मी नवऱ्याला हाक मारून दाखवला. त्याने दोन्ही पाय दिव्याखाली धरून विचारलं, "कौनसा था?" यापेक्षा मोठी शाबासकी या कामात नसते.

चांदरातीला मी ती वर नेऊन दिली. हिरवा गरारा, गोटा लावलेली ओढणी. खालांनी केसांवरून हात फिरवला, डोळे बघितले, "माशाअल्लाह" म्हणाल्या. मग गरारा वर सारून डावा पाय बघितला. त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "यहां कुछ था ना?"

"हौ खाला, पेन का दाग था. बहुत मेहनत से निकला," मी म्हटलं. माझ्या आवाजात अभिमान होता, तो मला अजून ऐकू येतो.

"मेहनत तो करी गे तू," खाला म्हणाल्या आणि शीरखुर्म्यासाठी काजू कापायला बसल्या.

ईदच्या दुसऱ्या दिवशी पोर खाली आली. बाहुली काखेत. मुलं सरळ विचारतात. "टीचर, नानी बोल्या इसपे अम्मी का नाम था. किधर गया?"

काम सुरू करण्याआधी मी प्रत्येक बाहुलीचे मोबाइलवर फोटो काढते, आधी आणि नंतरचे, लोकांना दाखवायला. ते उघडले. फोटोत बाहुली उभी होती, भिंतीला टेकवलेली, आणि पायावर वरपासून खालपर्यंत रेघोट्या नि ठिपके. महिनाभर मी तो पाय असाच उभा धरून बघत होते. मग मोबाइल आडवा केला.

शीन. बे. नून. मीम.

पहिलीतली मुलं लिहितात तशी, न जोडलेली, सुटी अक्षरं. उजवीकडून डावीकडे, मांडीपासून घोट्याकडे. शीनचे दात चार झाले होते आणि त्यावरचे तीन नुक्ते एकमेकांत मिसळून एक डाग झाला होता. बेचा नुक्ता खाली, नूनचा वर, दोन्ही बरोबर जागी. मीमची शेपटी घोट्यावरून वळून पाठीमागे गेली होती. सहा-सात वर्षांच्या मुलीने बाहुली मांडीवर आडवी घेऊन नाव टाकलं होतं, कुणी पळवू नये म्हणून.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बदली शिक्षिका म्हणून पहिलीच्या वर्गावर होते. अलिफ-बे मी शेकडो पाट्यांवर तपासली आहे. चार दातांचं शीन मी कुठेही ओळखलं असतं. पाटीवर असतं तर.

त्या रात्री मला वाटलं, यावर इलाज माझ्याच हातात आहे. फोटो आहे, बारीक ब्रश आहे, तसला निळा रंग करता येईल. शाई पसरली होती तशी पसरट कडही काढता येईल. कुणाला ओळखू येणार नाही. मी वर जाऊन खालांना तसं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. थोडा वेळ निवडतच राहिल्या.

"नक्को गे," त्या म्हणाल्या. "अच्छाच लिखेगी तू. पन वो तेरा लिख्खा होएगा."

मग म्हणाल्या, "वो फोटू है बोली ना, वो दे."

मी स्टुडिओत जाऊन त्या फोटोच्या दोन प्रती काढल्या. एक मोठी करून, फक्त पायाची. देताना काय बोलावं कळेना, म्हणून माफी मागितली. खाला म्हणाल्या, "मैंच बोली थी नई जैसी कर बोलके." हे खरंच होतं, पण त्याने मला बरं वाटलं नाही आणि त्यांनाही वाटलं असेल असं नाही. फोटो त्यांनी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला. स्टुडिओवाल्याने लॅमिनेशन करू का विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं. ते करून घ्यायला हवं होतं. घडीवर आता रंग गेला आहे, नेमका बे आणि नूनच्या मधून.

तेव्हापासून कुणी बाहुली आणली की मी आधी ती आडवी-उभी, उलटी-सुलटी करून बघते आणि आणणाऱ्यासमोर एकेक खूण दाखवून विचारते. हे काढू? हे राहू दे? लोक वैतागतात. एका बाईंनी सांगितलं, दाताचे वण तेवढे ठेवा, ते माझ्या भावाचे आहेत. एकीने सगळंच काढायला सांगितलं, ताबडतोब. तिचा आवाज ऐकून मी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मलम लावलं.

गेल्या महिन्यात खालांची नात ती बाहुली घेऊन आली. आता ती आठ वर्षांची आहे. हिरव्या गराऱ्याचा गोटा निघाला आहे, केसांचा पुन्हा गोळा. "नानी कू मत बोलना," ती आधीच म्हणाली आणि गरारा वर केला. उजव्या पायावर निळ्या बॉलपेनाने सातचा पाढा लिहिला होता, मांडीपासून घोट्यापर्यंत, बारीक अक्षरात. परीक्षेला बाहुली न्यायला देणार नाहीत हे तिच्या उशिरा ध्यानात आलं होतं.

मी पाय दिव्याखाली आडवा धरून वाचला. मग पाणी लागू नये म्हणून त्याला प्लॅस्टिक गुंडाळलं, चिकटपट्टी लावली आणि केस भिजत घातले. ७ गुणिले ९ बासष्ट लिहिले होते. ते तसेच ठेवले. पोरीला मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि केस भिजेपर्यंत तिच्याकडून पाढा म्हणवून घेतला. नवापाशी ती तिन्ही वेळा अडखळली.